साहित्य संस्थांची 'पत्रिका' हिंदीतून आली का?

प्रश्न असा आहे : मराठीत पत्रिका म्हटलं की कुंडली किंवा लग्नाचं आमंत्रण. मग 'महाराष्ट्र साहित्य पत्रिका' किंवा 'मराठी संशोधन पत्रिका' ही नियतकालिकांची नावं हिंदीच्या वळणाची नाहीत का?

मला तसं वाटत नाही. 'पत्रिका' म्हणजे मुळात लिहिलेलं पान. संस्कृतातला हा शब्द प्रत्येक भाषेनं आपापल्या सोयीनं वापरला. बंगालीत तो वर्तमानपत्रालाही चालला (अमृत बाजार पत्रिका, 1868), हिंदीत कुठल्याही मासिकाला. मराठीत तो जोडशब्दांत रमला : प्रश्नपत्रिका, गुणपत्रिका, शिधापत्रिका, मतपत्रिका. आधीच्या पदानं अर्थ बांधून दिला की कुंडलीची आठवणही होत नाही. 'साहित्य पत्रिका' याच रांगेतली. एकटी पत्रिका मात्र गुरुजींकडेच जाते.

मग सर्वसाधारण नियतकालिकाला आपण पत्रिका का म्हणत नाही? कारण ती जागा 'मासिका'नं आधीच घेतली होती, आणि ही गोष्ट मला जास्त गमतीची वाटते. 'विविधज्ञानविस्तार' (1867) किंवा चिपळूणकरांची 'निबंधमाला' (1874) यांच्या काळात 'मासिक पुस्तक' म्हणत. पुढे पुस्तक गळालं, विशेषणाचंच नाम झालं. लिंग मात्र पुस्तकाचंच राहिलं. म्हणून 'ते मासिक', 'ते त्रैमासिक', पण 'ती पत्रिका'.

संस्थांनी दोन्ही वाटा वापरल्या. पुण्यात 1906 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र साहित्य परिषदेची 'पत्रिका'. त्याच शहरातल्या भारत इतिहास संशोधक मंडळाचं मात्र 'त्रैमासिक'. संशोधक अ. का. प्रियोळकरांनी मुंबईत मराठी संशोधन मंडळासाठी 'पत्रिका'च निवडली. मराठी अभ्यास परिषदेनं 'भाषा आणि जीवन' असं स्वतंत्र नाव दिलं, तरी खाली 'मराठी अभ्यास परिषद पत्रिका' लिहायला ती विसरली नाही. 'मुखपत्र' या सगळ्यांना चालतं, पण त्यात संस्थेच्या भूमिकेचा सूर येतो. संशोधनाच्या अंकाला तो जरा जड होतो.

हिंदीचा वास येतो तो 'मी एक फिल्मी पत्रिका चाळत होतो' अशा वाक्याला. तिथं सरळ मासिक म्हणावं. पाक्षिक असेल, तर पाक्षिक.