पॅड कोरे, तरी पेडल मऊ

‘कमी खर्चात ईव्हीच्या ब्रेकची ताकद कशी वाढवू?’ हा प्रश्न इतक्या वेळा येतो की आता सगळ्यांना एकदमच उत्तर देतो. पेट्रोल गाडीचे ब्रेक वापरून झिजतात. ईव्हीत बरंचसं काम मोटरच जनरेटर बनून करते आणि वीज बॅटरीत परत पाठवते, रिजेन म्हणतात ते. त्यामुळे इथले ब्रेक पडून राहून बिघडतात. तरी लोक मोठ्या डिस्क शोधत बसतात.

गाडी जड आहे. ऑनलाइन भोकांच्या डिस्क स्वस्तात मिळताहेत, लावू का? (ठाणे)

नको. गाडी जड आहे हे बनवणाऱ्यालाही माहीत होतं, आणि स्वस्त डिस्कला तडा जातो तो बहुधा त्या भोकापासूनच.

पावसात चार दिवस गाडी उभी होती. सकाळी ब्रेक दाबला तर घरघर, डिस्कवर तांबूस गंज. गॅरेजवाला म्हणतो डिस्क बदला. (रत्नागिरी)

दोन-चार ब्रेक मारल्यावर घरघर गेली ना? मग तो वरवरचा गंज होता, डिस्कला काही झालेलं नाही. खड्डे पडले असतील किंवा पेडल थरथरत असेल, तर मात्र दाखवा. खाऱ्या हवेत खरी भीती कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, पिना जाम होण्याची. पावसाळ्याआधी आणि नंतर त्या साफ करून घ्या. ग्रीस ब्रेकसाठीचंच हवं, साध्या ग्रीसने रबर फुगतं. आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही हे बघून, रिजेन कमीत कमी ठेवून चार-पाच वेळा नीट ब्रेक दाबा. हे फुकट आहे, म्हणून कोणी सांगत नाही.

गाडी साडेतीन वर्षांची, पॅड जवळजवळ कोरे. पाचगणीला हॉटेलवर रात्रभर चार्ज करून शंभर टक्क्यांवर निघालो. पसरणी घाट उतरताना पेडल मऊ लागलं, वाईत चहा घेऊन निघालो तर ठीक. याला चार महिने झाले. मेकॅनिक मोठे कॅलिपर सुचवतो. मित्र म्हणतो, ईव्हीला ब्रेक ऑइल बदलावं लागत नाही. (पुणे)

आधी मित्राचं. ब्रेक ऑइल गाडी चालून जुनं होत नाही, हवेतला ओलावा पिऊन होतं. गाडी विजेवर चालते की पेट्रोलवर, त्याला काय कळतंय! नवं डॉट ४ (हा ब्रेक ऑइलचा एक दर्जा) ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरल्यावर हीच मर्यादा १५५ पर्यंत उतरते.

आता घाटाचा हिशेब मांडा. पाचगणी ते वाई उतार साधारण साडेपाचशे मीटरचा. माणसांसकट सतराशे किलोची गाडी तेवढी खाली आणायची म्हणजे सुमारे अडीच युनिट ऊर्जा कुठेतरी जिरवायची. दोन किलोवॉटचा गीझर सव्वा तास चालवा, तेवढी. थोडी हवा आणि टायर खातात. एरवी बाकीची बरीचशी बॅटरीत जाते, पण तुमची बॅटरी काठोकाठ भरलेली! तिला घ्यायला जागा नाही, म्हणून रिजेन जवळपास बंद आणि सगळा भार पॅडवर. पॅड तापले, त्या उष्णतेने जुनं ऑइल उकळलं, वाफ झाली. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पेडल मऊ. तुम्ही चहा घेतलात तेवढ्यात वाफेचं पुन्हा पाणी झालं आणि पेडल ‘ठीक’ झालं. हे ठीक होणंच घात करतं. माणूस विसरतो, चार महिने जातात.

पेट्रोल गाडीत पॅड बदलायच्या निमित्ताने तरी कोणी ऑइलकडे बघतो. ईव्हीत पॅड संपतच नाहीत, त्यामुळे वर्षानुवर्षं झाकण उघडलं जात नाही. बहुतेक गाड्यांना दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचं असतं. तुमच्या मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय ते वाचा. झाकणावर लिहिलेलंच ऑइल घ्या, सीलबंद डब्यातलं. आकडा मोठा म्हणून डॉट ५ ओतू नका, ते सिलिकॉनचं असतं आणि बाकीच्यांत मिसळत नाही. कॅलिपर विसरा, खर्च काही शे रुपये आणि मजुरी. पण ऑइलमध्ये शिरलेली हवा काढायला एबीएसमुळे (चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) बऱ्याच गाड्यांत गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा स्कॅनर लागतो, म्हणून अधिकृत सर्व्हिस सेंटरलाच जा. गळती आहे का तेही बघायला सांगा. उद्याच जा, तोवर घाट बंद. आणि पुढच्या वेळी डोंगरावर ऐंशी टक्क्यांवर चार्जर काढा.

बजेट दहा हजार. गाडी लवकर थांबायला हवी. (नागपूर)

टायर. ब्रेक चाक थांबवतो, गाडी थांबते ती रबराच्या पकडीवर. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खुणेजवळ आली असेल तर वाट बघू नका. मूळ टायरवर जो लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो तो आकडा) आहे, त्याहून कमीचा घेऊ नका. दोनच परवडत असतील तर नवे मागे लावा. दुकानदार पुढे लावतो म्हणाला तरी. जॅक फक्त ठरलेल्या जागी, कारण पोटाखाली बॅटरी आहे.

कॅलिपरला लाल रंग दिला तर? (पणजी)

लाल दिसतील.

मागचे ड्रम काढून डिस्क किट बसवायचं आहे. गॅरेजवाला म्हणतो, आरटीओला सांगायची गरज नाही. (नाशिक)

तेवढं एक वाक्य त्याच्याकडून लेखी घ्या, बघू देतो का. मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची बंधनं आहेत, आणि अपघातानंतर विमा कंपनी असलीच कारणं शोधते. पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल आणि एबीएस मूळ जोडणीवर बेतलेले असतात, तेही बिघडतात. ड्रम म्हणजे कंजुषी असंही नाही. फोक्सवॅगनने आयडी.३ आणि आयडी.४ ला मागे मुद्दाम ड्रम दिले, कारण बंद ड्रमला गंजाचा त्रास कमी. ड्रम उघडून साफ करून घ्या, लायनर (आतलं झिजणारं अस्तर) बघा.

मागचे पॅड घरीच बदलू का? हँडब्रेक इलेक्ट्रिक आहे. (सांगली)

नको. स्कॅनरने किंवा मॅन्युअलमधल्या पद्धतीने सर्व्हिस मोड न लावता पिस्टन मागे दाबलात, तर पॅडचे वाचवलेले पैसे हँडब्रेकच्या मोटरला जातील.