फॉरमॅट मारण्याआधी

प्रश्न : अपडेट चालू असताना लाईट गेली. बॅटरी मेलेलीच होती, त्यामुळे लॅपटॉप (विंडोज ११) तिथंच बंद पडला. आता चालू केला की गोल फिरत राहतं, निळा पडदा येतो आणि पुन्हा पहिल्यापासून तेच. टॅलीत गुळाच्या सौद्यांचा सगळा हिशेब आहे, बॅकअप नाही. दुरुस्तीवाला फॉरमॅट करायला सांगतो. करू का?
— एक अडत दुकानदार, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : इतक्यात नको. रीस्टार्टच्या वेळी विंडोज आपल्या जुन्या फाइल काढून नव्या बसवते. मध्येच वीज गेली की काही जुन्या, काही नव्या अशी खिचडी राहते. तुमच्या हिशेबाच्या फाइलींना ती सहसा हात लावत नाही. म्हणून आधी डेटा, मग दुरुस्ती.

प्रिंटर, डोंगल काढा. चार्जर इन्व्हर्टरवरच्या प्लगला लावा, नाहीतर पुन्हा तीच गत. निळ्या पडद्यावर ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स दिसलं तर ठीक. नसेल तर कंपनीचा लोगो येताच पॉवर बटण दहाएक सेकंद दाबून बंद करा. असं दोनदा केलं की तिसऱ्यांदा रिपेअरचा पडदा येतो. (टक्केवारी पुढे सरकत असेल तर मात्र बटणाला हात लावू नका, दोन तास लागले तरी.)

ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, कमांड प्रॉम्प्ट असं जा. तिथं इंग्रजीत notepad टाइप करून एंटर दाबा. त्याच्या फाइल मेनूतल्या ओपनमधून सगळे ड्राइव्ह दिसतात. खाली ऑल फाइल्स निवडायला विसरू नका. इथं सी ड्राइव्हचं अक्षर बदललेलं असू शकतं, तेव्हा यूजर्स फोल्डर ज्यात आहे तो ड्राइव्ह शोधा. टॅलीप्राइमचा डेटा बहुधा यूजर्स, पब्लिक, टॅलीप्राइम, डेटा या वाटेनं सापडतो. फोल्डरवर राइट क्लिक, कॉपी, मग पेन ड्राइव्हवर पेस्ट. कॉपी किती झाली हे दिसत नाही, खिडकी गोठल्यासारखी वाटते, थांबा. शेवटी पेन ड्राइव्ह दुसऱ्या संगणकावर उघडून खात्री करा.

मग पुन्हा ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जाऊन अनइन्स्टॉल अपडेट्स. नेहमीच्या मासिक अपडेटसाठी क्वालिटी, आवृत्तीच बदलणारं असेल तर फीचर. त्यानं जमलं नाही तर स्टार्टअप रिपेअर, त्यानंतर सिस्टम रिस्टोअर. रिपेअरचा पडदाच येत नसेल तर दुसऱ्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलनं किमान ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर विंडोज घ्या (त्यावरचं सगळं पुसलं जाईल) आणि लॅपटॉप त्यावरून सुरू करून रिपेअर निवडा, इन्स्टॉल नव्हे. 'रिसेट, कीप माय फाइल्स' अगदी शेवटी. त्यात टॅलीसकट बाहेरून टाकलेले प्रोग्रॅम जातात.

लॅपटॉप सुरू झाला की बॅटरी बदला.

प्रश्न : अपडेटनंतर ४८ आकडी रिकव्हरी की मागतोय. मी कधी कुलूप लावलंच नव्हतं.
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : हे बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरच्या डेटाला लागणारं विंडोजचं कुलूप. मायक्रोसॉफ्ट खात्यानं सुरू केलेल्या बऱ्याच नव्या लॅपटॉपवर ते आपोआप लागतं आणि त्याची ही 'की' (किल्ली) त्याच खात्यात साठते. मोबाइलवरून खात्यात शिरा, डिव्हायसेसमध्ये की पाहा. अनेक असतील तर पडद्यावरच्या की आयडीची पहिली आठ अक्षरं जुळवा. खातं दुकानदारानं उघडून दिलं असेल तर कोणत्या ई-मेलवर, ते त्याला विचारा. कॉलेज वा ऑफिसचं असेल तर तिथल्या संगणक विभागाला. की कुठंच नसेल तर डेटा गेला. कुलूप तोडून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.