रीडिंग आपल्याच हाताचे असावे

वाचकांचे प्रश्न : विज्ञान पदवीचे शिक्षण

प्रश्न : मी तालुक्याच्या गावातील महाविद्यालयात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते. रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला एका टेबलावर आम्ही चौघी असतो. एक जण प्रयोग करते आणि बाकीच्या तिची रीडिंग उतरवून घेतात. मागच्या महिन्यात पोटॅशियम परमँगनेटचे टायट्रेशन (ब्युरेट या खुणांच्या नळीतून द्रावण थेंब थेंब सोडून ते किती लागते हे मोजणे) मी स्वतः केले, तेव्हा माझे रीडिंग ९.४ मिलीलिटर आले. वरच्या वर्गातून आलेल्या जर्नलमध्ये ते १०.२ होते. मैत्रिणी म्हणाल्या, तेच लिही, नाहीतर जर्नलवर सही मिळणार नाही. मी १०.२ लिहिले, पण तेव्हापासून ते मनाला लागून राहिले आहे. माझे चुकले का? (एक विद्यार्थिनी, सातारा जिल्हा)

उत्तर : होय, चुकले, पण तुम्ही टायट्रेशन स्वतः केले आणि खोटा आकडा तुमच्या मनाला लागला, या दोन्ही गोष्टी मला त्या चुकीपेक्षा मोठ्या वाटतात. मुळात हा प्रयोग कशासाठी असतो, ते आधी पाहू. परमँगनेटचे द्रावण ठेवल्यावर, विशेषतः उजेडात, हळूहळू विघटित होते. त्यामुळे बाटलीवर काहीही लिहिलेले असले, तरी त्या दिवशी त्या बाटलीतील द्रावणाची संहती (तीव्रता) किती आहे, हे ऑक्झॅलिक आम्लाच्या ज्ञात द्रावणावरून ठरवावे लागते. मागच्या वर्षीच्या बाटलीचे रीडिंग या वर्षीच्या बाटलीला लागू पडण्याचे कारणच नाही. तुम्ही ०.१ नॉर्मल (नॉर्मल हे संहतीचे माप) ऑक्झॅलिक आम्लाचे १० मिलीलिटर घेतले असतील, तर ९.४ वरून परमँगनेटची संहती सुमारे ०.१०६ नॉर्मल येते आणि १०.२ वरून ०.०९८. हे दोन निरनिराळ्या बाटल्यांचे दोन्ही खरे आकडे असू शकतात. तुमच्या जर्नलमध्ये मात्र जी बाटली तुम्ही कधी पाहिलीही नाही, तिची संहती लिहिली गेली आहे.

अर्थात ९.४ हे रीडिंग चुकीचे असण्याचीही शक्यता आहे, आणि ती तपासण्यातच या प्रयोगाचे खरे शिक्षण आहे. ऑक्झॅलिक आम्ल आणि सल्फ्युरिक आम्ल घेतलेला फ्लास्क साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचा असतो. तो उकळू दिला, तर ऑक्झॅलिक आम्लाचे विघटन होऊन परमँगनेट कमी लागते आणि रीडिंग खाली येते. सल्फ्युरिक आम्ल कमी पडले, तर फ्लास्कमध्ये तपकिरी गढूळपणा येतो आणि परमँगनेट जास्त लागते. पहिला थेंब पडल्यावर गुलाबी रंग काही सेकंद तसाच राहतो, आणि घाई करणारा विद्यार्थी तोच अंतिम बिंदू, म्हणजे अभिक्रिया पूर्ण झाल्याची खूण, समजून थांबतो; पण अभिक्रियेत तयार होणारा मँगनीजचा आयनच पुढे तिला वेग देत असल्यामुळे नंतरचे थेंब पाहता पाहता रंगहीन होतात. ते दृश्य मी तीस वर्षांच्या अध्यापनात कितीतरी वेळा पाहिले आहे, आणि अजूनही ते पाहायला मला आवडते. आणखी एक बाब ब्युरेट वाचण्याची. परमँगनेट इतके गडद असते की पृष्ठभागाचा खालचा वक्र दिसत नाही, म्हणून डोळा द्रावणाच्या पातळीत आणून वरच्या कडेचे रीडिंग घ्यायचे. सुरुवातीला वरची कड आणि शेवटी अंदाजाने खालचा वक्र, असे झाले तर दोन रीडिंगमधील फरक बिघडतो. हे सारे तपासूनही ९.४ कायम राहिले, तर तेच तुमचे उत्तर आहे.

सहीच्या भीतीबद्दल माझा अनुभव सांगतो. बाह्य परीक्षक म्हणून मी अनेक महाविद्यालयांत गेलो आहे. एकाच बॅचमधील वीस जर्नलांत दशांश चिन्हापर्यंत तेच आकडे दिसतात, तेव्हा परीक्षकाला काहीच विचारावे लागत नाही. याउलट एखादी विद्यार्थिनी म्हणते, “सर, माझी रीडिंग ९.४, ९.४ आणि ९.५ आली, वर्गात बहुतेकांची वेगळी आहेत, म्हणून मी पिपेट बदलून पुन्हा करून पाहिले,” तेव्हा पुढची तोंडी परीक्षा परीक्षा राहतच नाही, ती चर्चा होते. तुमच्या शिक्षकांना ९.४ बद्दल आजही सांगता येईल. जर्नलमध्ये खाडाखोड न करता जुन्या आकड्यावर एकच रेघ मारून शेजारी खरा आकडा, तारीख आणि आपली सही करावी. प्रयोगशाळांतील नोंदवह्यांत दुरुस्तीची रीत हीच आहे.

चौघींच्या टेबलाचा प्रश्न तर सहज सुटण्यासारखा आहे. जुळणारी तीन रीडिंग हवीच असतात. मग प्रत्येकीने एकेक टायट्रेशन करावे आणि जिचे जुळणार नाही, तिने पुन्हा करावे. नव्या श्रेयांक (क्रेडिट) पद्धतीत लेखी विषयाच्या एका श्रेयांकाला सत्रात १५ तास धरलेले आहेत आणि प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला ३०. हे दुप्पट तास दुसरीच्या वहीतून उतरवण्यात गेले, तर पदवीचा मोठा हिस्सा हातातून निसटतो. तीन विज्ञान अकादमींची संयुक्त उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती मिळाली, तर एखाद्या संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत काही आठवडे काम करता येते. तिच्या अटी पाहून जरूर अर्ज करा, आणि अर्जात आपल्या या ९.४ बद्दल लिहायला संकोच करू नका.

प्रश्न : माझी मुलगी बी.एस्सी. भौतिकशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. महाविद्यालयात आता चौथे वर्षही करता येते, असे ती म्हणते. मी शेतकरी आहे; एक वर्ष वाढले तर खर्चही वाढतो. तिने चौथे वर्ष करावे, की पदवी घेऊन एम.एस्सी.ला जावे? (एक पालक, लातूर जिल्हा)

उत्तर : राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार तीन वर्षांनंतर पदवी घेऊन बाहेर पडता येते, आणि चौथे वर्ष पूर्ण केल्यास ऑनर्स पदवी मिळते. तीन वर्षांच्या पदवीनंतर एम.एस्सी. दोन वर्षांची असते, चार वर्षांच्या पदवीनंतर ती एका वर्षाची ठेवण्याची तरतूद आहे, म्हणजे एम.एस्सी.पर्यंत दोन्ही वाटांनी पाचच वर्षे होतात. मात्र मुलीला जिथे एम.एस्सी. करायची आहे, तिथे एक वर्षाचा अभ्यासक्रम खरोखर सुरू आहे का, हे आपण आधी विचारून घ्यावे.

चौथ्या वर्षाचे मोल संशोधन प्रकल्पात आहे. संशोधनासह ऑनर्स घ्यायचे, तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात, आणि चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर एम.एस्सी. न करताही पीएच.डी.साठी पात्र ठरता येते. आपण एकदा मुलीबरोबर महाविद्यालयात जाऊन चौथ्या वर्षाचे प्रकल्प कोण शिक्षक घेणार आहेत आणि कोणत्या उपकरणांवर, एवढे दोनच प्रश्न विचारावेत. उत्तर मोघम मिळाले, तर माझा सल्ला एम.एस्सी.चा आहे. त्यासाठी ‘जॅम’ ही परीक्षा तिने या वर्षीच द्यावी. ती फेब्रुवारीत होते, तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना देता येते आणि तिच्या गुणांवर आयआयटींमध्ये एम.एस्सी.ला प्रवेश मिळतो. तयारी वाया जाण्याची काळजी नको, कारण प्रश्न पदवीच्याच अभ्यासक्रमावरचे असतात.

प्रश्न : दहावीपर्यंत मी मराठी माध्यमात शिकलो. अकरावी-बारावी पाठांतरावर निभावली, पण आता बी.एस्सी.ची इंग्रजी पुस्तके समजत नाहीत. काय करावे? (एक विद्यार्थी, नंदुरबार)

उत्तर : मराठीत शिकलेले विज्ञान ही तुमची शिदोरी आहे, ती टाकू नका. पुस्तकातील एक परिच्छेद वाचा, पुस्तक मिटा, आणि समजले ते मराठीत चार ओळींत लिहा. लिहिता आले नाही, तर इंग्रजी नव्हे, विषयच समजायचा राहिला आहे, असे धरून पुन्हा वाचा. मग त्याच चार ओळी साध्या, लहान इंग्रजी वाक्यांत लिहा. शब्दांसाठी शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि संकल्पनांसाठी मराठी विश्वकोश, दोन्ही इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतात.

माझ्या अनुभवात मुलांना लांबलचक संज्ञा अडवत नाहीत, सोपे वाटणारे शब्द अडवतात. ‘नॉर्मल’ हाच शब्द घ्या. प्रकाशाच्या अपवर्तनात तो म्हणजे शाळेत शिकलेली स्तंभिका, रसायनशास्त्रात ते द्रावणाच्या संहतीचे माप, आणि संख्याशास्त्रात ‘नॉर्मल’ वितरण म्हणजे प्रसामान्य वितरण. अशा शब्दांसाठी एक वेगळी वही करा, प्रत्येक शब्दाला एक पान द्या, आणि नव्या विषयात तो नव्या अर्थाने भेटला की त्याच पानावर तो अर्थ उदाहरणासह लिहा.