दोन नळ्यांची जुनी टाकी: आत कोटिंग ओतण्याची घाई करू नका

तुम्ही लिहिलंय की मिनेसोटात तळ्याकाठी घर घेतलं आणि त्याच्या शेडमध्ये १९५६ ची दहा हॉर्सपॉवरची जॉन्सन, म्हणजे होडीच्या मागे लावायची पेट्रोलची मोटर, सापडली, सोबत तिची सहा गॅलनची लाल टाकी. मोटर सुरू होते, मिनिट-दोन मिनिटं चालते आणि मरते. टाकी हलवली की आत गंजाच्या खपल्या खुळखुळतात. दुकानात सांगितलं, आतून कोटिंग (पत्र्यावर वाळून थर धरणारं द्रव) ओता, काम झालं. हे शेवटचं वाक्य वाचलं म्हणून लिहायला बसलो. तेवढं करू नका, निदान इतक्यात तरी नाही.

प्लग, ठिणगी, कार्बोरेटर याबद्दल काही लिहीत नाही, ते तुम्हाला येतंय हे पोस्टवरून दिसतं.

या टाकीचं एक लक्षात घ्या. त्या मोटरीत पेट्रोल ओढून घेणारा पंपच नाही. जॉन्सनने १९४९ मध्ये दहा हॉर्सपॉवरची मोटर आणली तेव्हा टाकी मोटरीवरून काढून वेगळी केली, आणि पेट्रोल वर चढवायला टाकीतलाच दाब वापरला. दोन नळ्यांपैकी एकीतून क्रँककेसची (इंजिनाच्या खालच्या बंद खोक्यातली) हवा दाबाने टाकीत येते, दुसरीतून पेट्रोल मोटरीकडे जातं. दाब जेमतेम चार-पाच पीएसआय (चौरस इंचाला पौंड). म्हणजे झाकणाचा वॉशर कडक झाला, वरच्या जोडणीचं (नळ्या, फ्लोट, प्रायमर बसवलेला टाकीवरचा भाग) गॅस्केट चिरलं किंवा तळाच्या जोडात सुईएवढं भोक असलं, तरी इंधन पोचत नाही. मोटर मरायला लागली की टाकीवरचं प्रायमरचं, म्हणजे हाताने पेट्रोल पुढे ढकलायचं, बटण दाबत राहा. दाबल्यावर ती चालत राहिली, तर कार्बोरेटर पुन्हा उघडू नका. दोष बहुधा टाकी, नळी किंवा कनेक्टर (नळी मोटरीला जोडणारा भाग) यांतल्या गळतीत आहे.

आता कोटिंग. माझं सगळ्यात जास्त नुकसान यानेच झालं. एका वर्कशॉपने (नाव घेत नाही) टाकी नीट न धुता, वरची जोडणी न काढता, झाकणाच्या तोंडातून कोटिंग ओतलं. पेट्रोल ओढणारी नळी, तिच्या टोकाची जाळी आणि पेट्रोल किती ते दाखवणाऱ्या काट्याचा फ्लोट, सगळं आत चिकटून बसलं. विचारायला गेलो तर गॅरंटी बाहेरच्या रंगाची होती, आतल्या कामाची नाही. पैसे परत मिळाले नाहीत, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे चांगल्या पत्र्याची टाकी गेली.

असं का होतं, ते सांगतो. कोटिंग धातूला धरतं, गंजाला किंवा वार्निशला नाही. जुनं पेट्रोल वाळून आत जो तपकिरी चिकट थर बसतो, त्यालाच मी वार्निश म्हणतोय. त्याच्यावर ओतलेलं कोटिंग पहिला हंगाम ठीक दिसतं. मग इथेनॉलमिश्रित पेट्रोल कडेने खाली शिरतं आणि कांद्याच्या पापुद्र्यासारखा थर सुटतो. त्याचे तुकडे जाळीला लपेटतात. संथ चालीत मोटर छान चालते, पूर्ण थ्रॉटल दिला की गुदमरते. थांबवून पाहिलं तर तुकडे खाली बसलेले असतात, जाळी मोकळी दिसते, आणि माणूस पुन्हा कार्बोरेटर खोलतो. शिवाय कोटिंग भोकावर नुसतं ताणून बसतं, खालचा पत्रा कुजतच राहतो. दाबाच्या टाकीत असल्या ठिगळावर भरवसा ठेवणं मला मान्य नाही. इतरांचं मत वेगळं असू शकतं, ज्यांनी धातू उघडा करून कोटिंग केलं त्यांच्या टाक्या टिकल्याही आहेत. पण मग जास्तीचं कोटिंग निथळून काढणं, टाकी सतत फिरवणं, डब्यावर लिहिलेले वाळण्याचे पूर्ण दिवस, यात काहीही सूट नाही. तळाशी साचलेलं डबकं नीट वाळत नाही.

तुमच्या टाकीचं मी असं करेन.

वरची जोडणी स्क्रू काढून अख्खी बाहेर घ्या. वाकडी ओढू नका, फ्लोटचा दांडा अडकतो. जुनं पेट्रोल आणि पुढचं सगळं धुण्याचं पाणी काउंटीच्या घातक कचरा केंद्रात द्या, गटारात नको. त्या काळच्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं आणि टाक्यांच्या पत्र्यावर बऱ्याचदा शिसे-कथिलाचा मुलामा असतो. हातमोजे घाला.

आधी वार्निश, मग गंज. हा क्रम उलटला तर गंज काढणारं काहीही चिकट थराखाली पोचत नाही. लिटर-दीड लिटर अॅसिटोन घाला, तोंड बंद करा, दर काही तासांनी कूस बदलत रात्रभर ठेवा. उघड्यावर, आणि जवळपास वॉटर हीटरची ज्योत नको. मग भांड्यांचा साबण आणि गरम पाणी, तीन-चार वेळा, पेट्रोलचा वास पूर्ण जाईपर्यंत.

खपल्या सोडवायला आत साखळी घाला, पाच-सहा फूट, एक टोक तारेने बाहेर बांधलेलं. लोक मूठभर स्क्रू टाकतात. टाकायचेच असतील तर मोजून टाका आणि मोजून काढा.

उरलेल्या गंजाला सायट्रिक अॅसिड पुरतं. वीस लिटर गरम पाण्याला एक किलो, टाकी काठोकाठ भरून बारा ते चोवीस तास. अर्धी भरली तर पाण्याच्या रेषेवर नवा गंज धरतो. हार्डवेअरच्या दुकानातलं म्युरिॲटिक अॅसिड वापरू नका, ते गंजाबरोबर पत्रा आणि जोडातलं सोल्डरही खातं. इलेक्ट्रोलिसिस (पाण्यातून वीज सोडून गंज काढणं) करणार असाल तर धुण्याचा सोडा गॅलनला एक मोठा चमचा, टाकीला बॅटरी चार्जरचं ऋण टोक, मधल्या साध्या लोखंडी सळईला धन. उलटं जोडलं तर टाकीच विरघळेल. सळई स्टेनलेसची नको, विषारी क्रोमियम सुटतं. हायड्रोजन निघतो, म्हणून आधी चार्जर बंद, मगच चिमटे काढा.

अॅसिड ओतून दिल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने खळबळून घ्या आणि लगेच वाळवा. लगेच म्हणजे चहा ठेवून नाही. उघडा पत्रा दहा-पंधरा मिनिटांत नारिंगी व्हायला लागतो. व्हॅक्यूमची फुंकणारी बाजू लावा, टाकी कोरडी ठणठणीत झाली की टू-स्ट्रोक ऑइल घालून सगळीकडे फिरवा. भोकं नसतील तर इतकं बास, कोटिंग लागतच नाही.

आता तळाचा जोड बघा. पाणी तिथेच साचतं. बाहेरचा रंग खरवडा, टोच्याने टोचत जा. पत्रा दबला किंवा टोक आत गेलं तर तो गेला. एक-दोन भोकं असतील तर सोल्डर बसतं, पण ते रोज हे काम करणाऱ्याकडून. पेट्रोलच्या टाकीला घरी टॉर्च लावू नका, कितीही धुतली असली तरी. अख्खा जोड चाळणी झाला असेल तर दुसरी टाकी शोधा किंवा मोटरीला पेट्रोल पंप बसवून एका नळीची टाकी वापरा. मूळपण जपायला मलाही आवडतं, पण गळक्या दाबाच्या टाकीसह होडीत बसू नये.

दाबाची चाचणी सायकलच्या पंपाने, १५ पीएसआयच्या गेजवर. पाचच्या वर जाऊ नका. कॉम्प्रेसर तर लावूच नका: टाकीची मोठी बाजू दोनशे चौरस इंच धरली तरी ५ पीएसआयला तिच्यावर हजार पौंड, म्हणजे साडेचारशे किलोचा जोर येतो. साबणाचं पाणी ब्रशने लावा. आधी झाकण, मग वरचं गॅस्केट, प्रायमरचा डायफ्राम (आतला रबरी पडदा), शेवटी जोड. पुन्हा तीच चाचणी नळी आणि कनेक्टर जोडून करा. कनेक्टरमधल्या ओ-रिंग वाळलेल्या असतातच. गॅस्केट, डायफ्राम, ओ-रिंग सगळं नव्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराचं घ्या, जुन्या बंद पाकिटातला माल स्वस्त मिळाला तरी नको. नळ्या काढण्याआधी फोटो काढा, हवेची आणि पेट्रोलची अदलाबदल झाली तर मोटर चालणार नाही.

तुमच्याकडे बोटी आणि जुन्या गाड्यांसाठी बिनइथेनॉलचं पेट्रोल वेगळ्या पंपावर मिळतं, तेच भरा. ऑइल २४ ला १, म्हणजे सहा गॅलनला एक क्वार्ट, टीसी-डब्ल्यू३ (बोटीच्या टू-स्ट्रोक मोटरींच्या ऑइलचा दर्जा). डब्यावर ५० ला १ लिहिलेलं असतं, ते नंतरच्या मोटरींसाठी.

आणि मोटर थांबवल्यावर दर वेळी झाकण हळूच सैल करून दाब सोडा, मग कनेक्टर काढा. मोटर बंद असली तरी टाकीत दाब असतो, आणि नळी सुटली तर पेट्रोल होडीच्या तळात येत राहतं.