युद्धावरची जपानी ॲनिमेशन खरंच मोठ्यांनी बघण्यासारखी असतात का? सुरुवात कुठून करू?

मोठ्यांनीच बघावीत अशी असतात. हा प्रश्न दिसला आणि राहवलं नाही, कारण 'कार्टून म्हणजे पोरांचं' हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत, आणि म्हणणारे घरचेच आहेत.

झालं असं की गौरी-गणपतीला सगळे गावाकडं जमलेलो, बाहेर पाऊस, पोरांचा नुसता धिंगाणा. आमच्या दाजींनी माझ्या बॅगेतला पेनड्राइव्ह परस्पर काढला, त्यात 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' दिसला, गोंडस बहीणभाऊ बघून टीव्हीला लावून दिला आणि स्वतः पत्ते कुटायला गेले. ज्यांनी बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको. सुरुवातीलाच तो पोरगा स्टेशनात खांबाला टेकून मरतो, मग दुसऱ्या महायुद्धातलं, 1945 चं कोबे शहर, वरून आगीचे बॉम्ब, आणि शाळेत आणून ठेवलेली त्याची आई, चेहऱ्यासकट सगळी बँडेजमध्ये गुंडाळलेली आणि त्यातून रक्त उतरलेलं. भाची जी किंचाळली! मी दूध आणायला गेलेलो, परत येतो तर सगळं घर माझ्यावर. "असलं कशाला जवळ बाळगतोस रे?" म्हणलं दाजी, बॅग माझी होती, लावलं तुम्ही. तर म्हणे, "चित्रं काढलीयत म्हणजे पोरांसाठीच ना? मोठ्यांसाठी असतं तर माणसं घेऊन शूटिंग केलं असतं." ताईपण त्यांच्याच बाजूनं.

तर दाजी, माणसं घेऊन शूटिंग का नाही ते ऐका. त्यातली सेत्सुको 4 वर्षांची आहे. भुकेनं भ्रमिष्ट होऊन ती गोट्या गोळ्या समजून चोखते, मातीचे गोळे करून हा भात आहे म्हणून भावापुढं ठेवते. खरी पोरगी घेऊन हे केलं असतं तर बघणाऱ्याचा अर्धा जीव 'हिला सेटवर वेळेवर जेवायला दिलं असेल ना' ह्यातच अडकला असता. चित्रात ती पळवाटच नाही, तिथं फक्त सेत्सुको आहे आणि ती संपत चाललीय. आणि हे करणारी माणसं काय हौसेनं बसली नव्हती, दिग्दर्शक इसाओ ताकाहाता 9 वर्षांचे असताना ओकायामावरच्या बॉम्बहल्ल्यातून वाचलेले, मूळ कथा लिहिणाऱ्या अकियुकी नोसाकांची धाकटी बहीण त्याच काळात उपासमारीनं गेलेली. 'बेअरफूट गेन' (1983) तर त्याहून भयंकर. तो ज्यांच्या 'मांगा'वरून, म्हणजे जपानी चित्रकथेवरून केलाय ते केइजी नाकाझावा 6 वर्षांचे असताना हिरोशिमात होते, आणि बॉम्ब पडल्यावर माणसं वितळताना सरळ दाखवलीत. दाजींच्या हाती तो लागला नाही हे नशीब.

सुरुवात म्हणाल तर 'इन धिस कॉर्नर ऑफ द वर्ल्ड' (2016) पासून करा. कुरे ह्या नौदलाच्या बंदरात लग्न होऊन आलेली सुझु, रेशन पुरत नाही म्हणून रानातला पाला खुडून स्वयंपाक करते, नणंदेचे टोमणे खाते, आणि वरून विमानं. अर्धा सिनेमा तर आपल्याकडच्या सासुरवाशिणीचाच वाटेल. मग फायरफ्लाइज, गेन शेवटी. जपानी आवाजातच बघा, सबटायटल लावून. आणि कुणी 'कार्टून काय बघतोस' म्हणलं तर तोंडी वाद घालत बसू नका, पहिली 20 मिनिटं शेजारी बसवा. आमच्या दाजींनी आजतागायत तो सिनेमा पुरा बघितलेला नाही, मत मात्र दरवर्षी ठाम.

आता खरं सांगायचं तर 1988 मध्ये जपानात फायरफ्लाइज 'माय नेबर टोटोरो' ह्या पोरांच्या सिनेमाला जोडूनच थेटरात लावलेला, म्हणजे टोटोरोसाठी आलेल्या पोरांनी तिथंही तो बघितला असणारच. हे दाजींना सांगू नका.

आणि एक, ह्या सिनेमांत जपानी साध्या माणसांनी काय सोसलं ते आहे. त्यांच्या सैन्यानं 1937 ला चीनमधल्या नानजिंग शहरात जी कत्तल केली ती इथं सापडणार नाही, त्यासाठी वेगळं वाचावं लागेल.