अथेन्सच्या घुबडाच्या नाण्यावर चीर का असते?

लिलावाच्या यादीत दिसलेल्या अथेन्सच्या चांदीच्या नाण्यावर ऐन घुबडाच्या पोटात खोल चीर आहे, तर नाणं खराब की खोटं, असं तुम्ही विचारलंय. बहुतेक वेळा दोन्ही नाही. कुणीतरी छिन्नी ठेवून घाव घातलाय, आतही चांदीच आहे ना हे बघायला.

हे प्राचीन अथेन्सचं चार द्राख्मांचं (द्राख्मा हे तिथलं चलन) नाणं, वजन साधारण १७.२ ग्रॅम. एका बाजूला शिरस्त्राण घातलेली देवी अथीना, दुसरीकडे घुबड, ऑलिव्हची डहाळी आणि शहराच्या नावाची तीन अक्षरं. चांदी अथेन्सजवळच्या लॉरियनच्या खाणींतली. हे नाणं इजिप्त-सिरियापर्यंत चालायचं. तिकडे चांदी वजनावर घ्यायची पद्धत. घुबडाशी कुणाला काय देणंघेणं! त्यामुळे छिन्नीही तिकडेच जास्त चालली.

संशय अगदीच उगाच नव्हता म्हणा. अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातल्या पेलोपोनेशियन युद्धात स्पार्टाने अथेन्सजवळच्या डेकेलियाला तळ ठोकला, खाणींचं काम बसलं आणि इ.स.पू. ४०६ च्या सुमारास खुद्द अथेन्सनेच तांब्यावर चांदीचा मुलामा दिलेली नाणी काढली.

मला यातला सगळ्यात भारी वाटतो तो इ.स.पू. ३७५ च्या सुमाराचा निकोफोन नावाच्या अथेन्सकराने मांडलेला नाण्यांबद्दलचा कायदा. दगडावर कोरलेला तो अथेन्सच्या जुन्या बाजारपेठेतच सापडला. सराफांच्या टेबलांमध्ये एक सरकारी पारखी बसायचा, आणि हा पारखी चक्क गुलाम! नाण्याच्या आत तांबं किंवा शिसं निघालं की त्याने ते तिथल्या तिथे कापायचं. पण त्याने खरं ठरवलेलं नाणं एखाद्या दुकानदाराने नाकारलं, तर त्याचा त्या दिवशी विकायला मांडलेला माल जप्त. अर्थात पारखी जागेवर बसला नाही तर त्यालाही ५० फटके.

घ्यायचंच असेल तर चिरेच्या आत भिंगातून बघा. लालसर किंवा हिरवट झाक दिसली तर आत तांबं. जुनी चीर आतूनही काळवंडलेली असते. ती ताजी, चकचकीत दिसली तर विक्रेत्याला खोदून विचारा. चिरेमुळे किंमत उतरते, अथीनाच्या चेहऱ्यावर असेल तर आणखीच. घुबडाच्या बाजूची चीर असेल आणि चेहरा शाबूत असेल, तर मी असं नाणं खुशाल घेईन.