संध्याकाळी रिले का फडफडतो?

प्रश्न : म्हापशाच्या घरी पडवीतल्या दिव्यासाठी एलडीआर (उजेडानुसार रोध बदलणारा सेन्सर) आणि ७४एचसी०४ (इनपुट उलटं करून देणारा आयसी) वापरून सर्किट केलंय. तिन्हीसांजेला रिले (दिवा चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच) टकटक करत राहतो. आयसी खराब असेल का?

उत्तर : आयसी बदलण्याआधी मल्टिमीटर इनपुटवर लावा. ५ व्होल्टवर हा आयसी सुमारे १.५ व्होल्टखाली ० आणि ३.५ व्होल्टवर १ नक्की धरतो; मधल्या पट्ट्यात कसलीच हमी नाही. आपल्याकडे पावसाळी संध्याकाळ रेंगाळते, ढग सरकतात, आणि तुमचा व्होल्टेज त्याच पट्ट्यात बराच वेळ घुटमळतो. त्यात रिले ओढला की सप्लाय किंचित हलतो, तेवढ्यानं आउटपुट उलटतं. या आयसीला इनपुट मायक्रोसेकंदाच्या आत बदललेलं हवं असतं, इथे तर मिनिटं जातात!

त्याच सॉकेटमध्ये ७४एचसी१४ बसवा, पिना सारख्याच आहेत. हा श्मिट ट्रिगर : चढताना साधारण २.७ व्होल्टला पलटतो, उतरताना १.८ला. मधलं अंतर म्हणजे हिस्टेरेसिस. त्याहून लहान थरथर तो मोजतच नाही. ऑटो श्मिट यांनी १९३४ साली विद्यार्थिदशेत शोधलेली ही युक्ती मला फार प्रिय आहे.

एलडीआरवर दिव्याचा उजेड मात्र पडू देऊ नका, त्यावर ७४एचसी१४सुद्धा उपाय नाही.